भिंतीवरची निळाई, खिडकीतला शिंपला
शोभेची वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचे मूळ जाणून घ्यावे

फोंड्यातील आमच्या सदनिकेच्या दाराबाहेर, उघड्या व्हरांड्यातील भिंतीवर, एक पाटी आहे. पांढरी टाइल, कडेने निळी वेलबुट्टी आणि मध्ये वडिलांचे नाव. सात वर्षांपूर्वी नव्या घरात राहायला आलो, तेव्हा ती मी हौसेने करून घेतली. ‘हाताने रंगवलेली पोर्तुगीज टाइल’ असे दुकानदाराने सांगितले आणि मी विश्वास ठेवला. पहिल्या पावसाळ्यानंतर निळा रंग करडा पडला. दुसऱ्या वर्षी दुपारचे ऊन येणाऱ्या बाजूची वेलबुट्टी पुसट झाली आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरे वाचता येईनाशी झाली. निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांनी कोणाला काही न सांगता बाजारातून निळ्या ऑइलपेंटची छोटी डबी आणली आणि फळ्यावर लिहावे तशा वळणदार अक्षरांत स्वतःचे नाव गिरवले. तेव्हापासून दर चतुर्थीपूर्वी हे काम त्यांच्याकडेच आहे.

दुकानदाराने फसवले, एवढे म्हणून हा विषय संपवता आला असता. पण अशी टाइल घेताना काय विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे. गेल्या काही वर्षांत गोव्यात नव्या सदनिका, बंगले आणि होमस्टे यांच्याबरोबर शोभेच्या वस्तूंचा बाजारही वाढला आहे. ‘गोवन टच’ या नावाखाली टाइलचे फलक, शिंपल्यांचे दिवे, लाल-पांढऱ्या नक्षीच्या तसबिरी आणि रंगीत लाकडी चौरंग सर्वत्र विकायला असतात. यांतील बहुतेक वस्तूंची मुळे आपल्याच घरांत आणि देवळांत आहेत. म्हणूनच त्या कशा बनतात, कशाच्या असतात आणि आपल्या हवेत किती टिकतात, हे आपण जाणून घ्यायला हवे.

‘उठाव’ म्हणजे काय?

गृहसजावटीच्या परिभाषेत भिंती, फरशी आणि मोठे सामान झाल्यावर खोलीला जी छोटी वस्तू उठाव देते, तिला ‘ॲक्सेंट’ म्हणतात. एखादा दिवा, आरसा, फुलदाणी, भिंतीवरचा फलक. सगळी खोली शांत ठेवून नजर एका जागी थांबवणे हे तिचे काम. ही कल्पना चांगलीच आहे. लहान सदनिकेत तर ती फार उपयोगी पडते, कारण एका चांगल्या वस्तूने जे साधते ते दहा किरकोळ वस्तूंनी साधत नाही.

मात्र आज ज्या गोष्टींना आपण ‘ॲक्सेंट’ म्हणतो, त्या जुन्या गोमंतकीय घरात वेगळ्या आणून ठेवलेल्या नव्हत्या. खिडकीतला शिंपला उजेड आत घेण्यासाठी होता. देवळाच्या भिंतीवरची कावेची नक्षी गिलाव्याचाच भाग होती. लाखेने रंगवलेला पाट जेवायला बसण्यासाठी होता आणि पाळण्यात मूल झोपत होते. काम आणि शोभा एकाच वस्तूत नांदत. ती वस्तू घरातून सुटून दुकानात आली, की तिचे काम मागे राहते आणि फक्त रूप पुढे येते. रूपाची नक्कल करणे सोपे असते, आणि ग्राहकाची फसगत नेमकी तिथेच होते.

टाइल : रंग भट्टीत ठरतो

‘अझुलेजो’ या शब्दाचा संबंध पोर्तुगीजमधील ‘अझुल’ म्हणजे निळा या शब्दाशी असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तो अरबी ‘अल्-झुलैज’ वरून आला आहे आणि त्याचा अर्थ घासून गुळगुळीत केलेला छोटा दगड. स्पेन-पोर्तुगालमध्ये ही कला मुस्लिम राजवटीच्या वारशातून रुजली, तेव्हा तिच्यात अनेक रंग आणि भौमितिक आकृत्या होत्या. निळ्या-पांढऱ्या जोडीची आवड पुढे १७ व्या शतकात, चिनी पोर्सेलिन आणि डेल्फ्टच्या डच टाइल्स यांच्या प्रभावाने वाढली. आपण जिला अस्सल पोर्तुगीज निळाई समजतो, तिच्यात अरबस्तान, चीन आणि हॉलंड या तिघांचा वाटा आहे.

गोव्यात या कलेचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर पणजीत आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जावे. १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने ही संस्था स्थापन झाली. तिच्या भिंतींवर कवी कामोंइश यांच्या ‘लुझियाद’ या महाकाव्यातील प्रसंग टाइल्सवर चितारलेले आहेत. १९३५ मधील हे काम जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे. पोर्तो शहरातील साओ बेंतो रेल्वे स्थानकातील सुमारे २० हजार टाइल्सचे भव्य चित्रण त्यांचेच. त्याच शहरातील सांतु इल्देफोंसु चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी १९३२ मध्ये सुमारे ११ हजार टाइल्स बसवल्या. त्या गेली नऊ दशके उघड्यावर, अटलांटिकच्या पावसात उभ्या आहेत. आमच्या दारावरची पाटी दोन पावसाळेही पाहू शकली नाही. या दोहोंतला फरक समजण्यासाठी टाइल कशी रंगवली जाते, ते पाहावे लागेल.

पारंपरिक पद्धतीत मातीची टाइल एकदा भाजून घेतात आणि तिच्यावर पांढऱ्या झिलईचा पातळ थर चढवतात. परंपरेने ही झिलई कथिलाच्या ऑक्साइडमुळे पांढरी होत असे. वाळल्यावर हा थर पिठासारखा भुसभुशीत असतो. चित्राच्या रेषांवर सुईने भोके पाडलेला कागद त्यावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. बारीक ठिपक्यांची आकृती उमटते आणि तिच्या आधाराने कुंचला चालतो. कोरडी झिलई रंगातले पाणी क्षणात शोषून घेते, त्यामुळे ओढलेली रेष खोडता येत नाही. हात थरथरला तर तो थरथरलेलाच दिसतो.

रंग खनिजांचे असतात. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, मँगनीजपासून जांभळट तपकिरी. कोबाल्टचे ऑक्साइड मुळात काळे असते, त्यामुळे कारागीर जे रंगवतो तो रंग त्याला त्या वेळी दिसतच नाही. टाइल पुन्हा भट्टीत जाते. सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसला झिलई वितळून काच बनते, रंग तिच्यात उतरतो आणि थंड झाल्यावर काचेचाच अंश होऊन राहतो. उन्हाने तो उडत नाही, पावसाने धुतला जात नाही.

बाजारात या एकाच रूपाच्या तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली, हाताने रंगवून भट्टीत भाजलेली. दुसरी, छापील चित्र झिलईवर चिकटवून किंवा यंत्राने थेट छापून मग भाजलेली. हिला कारागिराचा हात लागलेला नसतो, पण भाजलेली असल्यामुळे ती टिकते. तिसरी, तयार पांढऱ्या टाइलवर प्लास्टिकसदृश लेप देऊन, कागदावर छापलेले चित्र सुमारे २०० अंशांच्या दाबयंत्राखाली त्यावर उतरवलेली. कपावर फोटो छापतात ती हीच पद्धत. तिचा रंग लेपात असतो, काचेत नसतो. बैठकीच्या भिंतीवर ती अनेक वर्षे चांगली दिसेल. दाराबाहेर ऊन लागू लागले की फिकी पडेल. आमची पाटी या तिसऱ्या जातीची होती.

ओळखायचे कसे? टाइल तिरपी धरून उजेडात पाहावी. हाताने रंगवलेल्या रेषेत रंग कुठे दाट तर कुठे विरळ असतो आणि कुंचला उचलला ती जागा कळते. एकाच फलकातील दोन सारखी फुले तंतोतंत सारखी असतील तर ते छापील काम समजावे. भिंगातून पाहता बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तरी तेच. आणि सर्वांत उपयोगी प्रश्न अगदी साधा आहे : रंग दिल्यानंतर ही टाइल भट्टीत गेली होती का, आणि किती अंशांवर? स्वतः काम करणारा माणूस या प्रश्नावर खुलतो आणि भट्टीच्या गोष्टी सांगू लागतो. जो विषय बदलतो, त्याच्याकडची टाइल दाराबाहेर लावू नये.

छपाई म्हणजे खोटेपणा, असा याचा अर्थ नव्हे. मारिओ मिरांडा यांची व्यंगचित्रे असलेल्या टाइल्स कित्येक घरांत आहेत. ती चित्रांची प्रतिकृती आहे हे घेणाऱ्यालाही माहीत असते. वस्तू जी आहे तीच म्हणून विकली जावी, एवढीच अपेक्षा.

खिडकीतला शिंपला

आमच्या मूळ गावच्या घराच्या पडवीला शिंपल्यांची तावदाने होती. दुपारी त्यांतून येणारा उजेड ताकासारखा पांढुरका आणि मऊ असे. त्यात वाचता येई, पण डोळे दिपत नसत. बाहेरच्याला आतले माणूस दिसत नसे. लहानपणी तो उजेड मला घराचाच रंग वाटे.

हा शिंपला ‘प्लाकुना प्लासेंटा’ नावाच्या कालवाचा. तो चपटा, पातळ, जवळजवळ गोल आणि तळहाताएवढा असतो. उथळ खाडीच्या चिखलात त्याची वस्ती. झुआरीच्या मुखाजवळचा चिखलीचा उपसागर हे गोव्यातील त्याचे प्रसिद्ध ठिकाण. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात हे शिंपले चौकोनी कापून, लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत एकावर एक सरकवून त्यांची तावदाने केली जात. जुने गोवे येथील चर्चमध्ये आणि गोवाभरच्या जुन्या वाड्यांत ती अजूनही पाहायला मिळतात. एखादा शिंपला फुटला तर तेवढाच बदलता येई.

पातळ असूनही हा शिंपला चिवट असतो, आणि त्याचे कारण शास्त्रज्ञांनाही खुणावत होते. त्याच्या वजनाचा सुमारे ९९ टक्के भाग कॅल्साइट या खनिजाचा असतो, आणि शुद्ध कॅल्साइट तर सहज तुटते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध केला. शिंपल्यात कॅल्साइटचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय पदार्थाचा नाममात्र थर असतो. टोकदार वस्तूचा आघात झाला की स्फटिकांची रचना त्या बिंदूभोवतीच बदलते, आघाताची शक्ती तिथेच जिरते आणि तडा पुढे पसरत नाही. आपल्या सुतारांनी तावदानासाठी निवडलेली वस्तू पारदर्शक चिलखताचा नमुना म्हणून प्रयोगशाळेत अभ्यासली गेली.

मग ही तावदाने गेली कुठे? आमच्याकडचे उत्तर मला ठाऊक आहे. काकांनी घर दुरुस्तीला काढले, तेव्हा पट्ट्यांना वाळवी लागलेली होती, काही शिंपले गळाले होते आणि ते पुन्हा बसवणारा सुतार मिळत नव्हता. पावसाची झड आत येई, डासांचा उपद्रव वेगळाच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आणि जुनी दारे एका जुनेर घेणाऱ्याने टेम्पोत भरून नेली. काकांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. ज्याला त्या घरात राहायचे असते, त्याला कोरडे घर हवे असते. पुढे काही वर्षांनी एका दुकानात तशाच तावदानाची चौकट आरशाभोवती लावून विकायला ठेवलेली पाहिली. किंमत विचारली आणि काही न बोलता बाहेर आले. त्या रकमेत काकांच्या सगळ्या खिडक्या दुरुस्त झाल्या असत्या, असा हिशेब वाटभर मनात चालू होता.

शिंपल्याची वस्तू घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत या कालवाचा समावेश झालेला आहे. त्यामुळे इथल्या खाडीतून तो काढून त्याचे नवे दिवे करणे हा हौसेचा मामला राहत नाही. दुसरी उगमाची. जगभर ‘कापीझ’ या नावाने विकले जाणारे शिंपल्याचे दिवे आणि झुंबरे याच जातीच्या शिंपल्यांची असतात. फिलिपिन्समध्ये त्यांचा मोठा व्यवसाय आहे आणि हे नावही तिथल्या एका प्रांताचे आहे. त्या देशातील जुन्या घरांनाही आपल्यासारखीच शिंपल्यांची तावदाने असतात. तेव्हा ‘गोव्याचा शिंपला’ म्हणून दाखवलेला दिवा समुद्रापारचा असू शकतो. तो घेण्यात गैर काही नाही, पण शिंपला कुठला आणि जुना की नवा, हे विचारावे. ज्यांच्या घरी अशी तावदाने अजून आहेत, त्यांनी ती जुनेरात घालण्यापूर्वी एखाद्या वारसा-वास्तुतज्ज्ञाला दाखवावीत. सुट्या शिंपल्यांनाही दुरुस्तीसाठी मागणी असते.

काव : खरवडून उमटणारे चित्र

काव म्हणजे तांबडी माती. जांभ्या दगडाच्या आपल्या प्रदेशात ती पायाखालीच असते. तिच्यावरून जिला ‘कावी’ हे नाव मिळाले, ती भित्तिकला गोवा, कोकण आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील देवळांत आढळते. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजीचे श्री मोरजाई मंदिर त्यासाठी ओळखले जाते.

तिची पद्धत ऐकली की ‘चित्र काढणे’ हा शब्द अपुरा वाटतो. शिंपले भाजून केलेला चुना वाळूत मिसळून, गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवतात. या चुन्याचा पांढरा गिलावा भिंतीवर देतात आणि तो ओला असतानाच कावेचा लाल थर चढवून घोटतात. मग लोखंडी टोच्याने आकृती कोरून, नको तिथला लाल थर खरवडून काढतात. आतला पांढरा चुना उघडा पडतो आणि लालावर पांढरे, पांढऱ्यावर लाल असे चित्र तयार होते. भिंत वाळण्याच्या आत काम पुरे व्हावे लागते, म्हणून कारागिराने आकृती आधीच मनात पक्की केलेली असते. शेवटी गुळगुळीत गोट्याने पृष्ठभाग घोटतात आणि काही दिवस त्यावर पाणी मारतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा चुनखडी बनत जातो. म्हणजे वर्षागणिक भिंत अधिक पक्की होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातही ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती या रसायनामुळे.

पण देवळांचे जीर्णोद्धार झाले, जुन्या गिलाव्याच्या जागी सिमेंट, संगमरवर आणि चकचकीत टाइल्स आल्या आणि भिंतीबरोबर नक्षीही पडली. तसबीर असती तर काढून ठेवता आली असती. अलीकडे काही कलावंतांनी ती पुन्हा हाती घेतली आहे. सागर नाईक मुळे या गोमंतकीय कलाकाराच्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये झाला आणि कावी हा शब्द देशभर पोहोचला.

आता कॅनव्हास, लाकडी फलक, दिव्यांच्या टोप्या, अगदी उशांच्या अभ्र्यांवरही कावीची लाल-पांढरी नक्षी दिसते. ज्यांच्या घरात चुन्याचा गिलावा नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचण्याचा हाच मार्ग आहे आणि तो स्वागतार्ह आहे. फक्त ॲक्रिलिकने रंगवलेल्या नक्षीला ‘कावी शैलीतील चित्र’ म्हणावे, आणि चुन्यावर कोरून खरवडलेल्या कामाला ‘कावी’. अस्सल कामावर बोट फिरवले तर लाल भाग पांढऱ्यापेक्षा किंचित उंच लागतो. ही उंची म्हणजे कारागिराने खरवडलेल्या थराची जाडी.

लाखेचा रंग

चौथी वस्तू आपल्या देवघरात अजूनही सापडेल. कुंकळ्ळीचे चितारी आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडीतील कारागीर लाखेच्या रंगकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. पाट, चौरंग, पाळणे, पोळपाट-लाटणी, खेळण्यातली भातुकली. कातकामाच्या वस्तूंवर लाख चढवण्याची रीत मोठी सुरेख आहे. लाकूड चरकावर गरगर फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. तिला वेगळ्या वार्निशची गरज लागत नाही. यंत्राने फवारलेल्या रंगाचा पोपडा निघतो, लाखेचा सहसा निघत नाही. मात्र लाख उष्णतेने मऊ होते. म्हणून गरम भांडे थेट लाखकाम केलेल्या वस्तूवर ठेवू नये आणि तिला सतत उन्हात ठेवू नये.

सावंतवाडीचे उदाहरण आणखी एका कारणासाठी सांगण्यासारखे आहे. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, करणारे हात तिथे जवळजवळ संपत आले होते. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जाणत्या कारागिराकडून ही कला शिकून घेण्याची सोय केली आणि राजवाड्यातच काम सुरू ठेवले. शिकवणारा, शिकणारा आणि विकत घेणारा हे तिघे एकत्र आले तरच कला पुढच्या पिढीत जाते. यांतला एक जरी नसला तर ती संग्रहालयात जाते.

आपल्या हवेत काय टिकते?

सजावटीच्या वस्तूंची बहुतेक छायाचित्रे कोरड्या हवेतल्या घरांची असतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि किनाऱ्यालगत वर्षभर खारा वारा. दाबलेल्या भुश्श्याच्या फळ्या, म्हणजे एमडीएफ, कडेने पाणी पितात आणि फुगतात. अशा फलकाच्या चारही कडा बंद केलेल्या आहेत का, ते पाहावे आणि तो बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नये. लोखंडी दिवे समुद्राजवळ काही महिन्यांत गंजतात. पितळेच्या नावाखाली मुलामा दिलेले लोखंडही विकले जाते. लोहचुंबक जवळ न्यावा : अस्सल पितळेला तो चिकटत नाही. पितळेची समई आमसुलाने वा चिंचेने घासून लख्ख होते, पण वार्निश दिलेल्या शोभेच्या पितळेवर हा प्रयोग करू नये, वार्निश चट्ट्याचट्ट्याने निघते.

किंमत कशाची?

हाताने रंगवलेली टाइल छापील टाइलपेक्षा कितीतरी महाग का, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येतोच. भट्टीत तडकलेल्या टाइल्सचा खर्च कारागीरच सोसतो. बिघडलेली रेष म्हणजे सगळी टाइल पुन्हा करणे. आणि कुंचल्यावर हात बसेपर्यंतची शिकाऊ वर्षे कोणत्याही बिलात दिसत नाहीत. छापील वस्तू ‘हाताने केलेली’ म्हणून निम्म्या किमतीला विकली जाते, तेव्हा ग्राहकाचे थोडे पैसे जातात. कारागिराचे मात्र पुढचे काम जाते, आणि त्याच्याकडे शिकायला येऊ पाहणारा मुलगा दुसरीकडे नोकरी धरतो. माझ्या अज्ञानाची किंमत वडिलांच्या पाटीपुरती नव्हती. ती कोणा अनोळखी कारागिरानेही मोजली, ही जाणीव मला उशिरा झाली.

म्हणून दुकानात चार प्रश्न विचारण्याचा संकोच धरू नये. ही वस्तू कशाची आहे? कोणी आणि कुठे केली? रंग कसा बसवला आहे? आणि पावसात किंवा उन्हात ठेवली तर चालेल का? प्रामाणिक विक्रेत्याला हे प्रश्न आवडतात, कारण त्याच्याकडे उत्तरे असतात. शक्य तिथे वस्तू थेट कारागिराकडून किंवा सरकारी हस्तकला दालनांतून घ्यावी, आणि बिलावर ‘हाताने रंगवलेली, भाजलेली’ असे लिहून मागावे. दहा वस्तूंऐवजी एकच घ्यावी लागली तरी चालेल. उठाव एकीनेच येतो.

या उन्हाळ्यात मी हे प्रश्न विचारत एका कारागिराकडे गेले. त्याने आधी पाटी कुठे लावणार ते विचारले, मग ऊन कुठल्या बाजूने येते ते विचारले आणि शेवटी नाव कोणाच्या हस्ताक्षरात हवे, असे विचारले. या प्रश्नाला मी तयार नव्हते. घरी येऊन वडिलांपुढे कोरा कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा सराव केला आणि तिसऱ्यांदा एका दमात नाव लिहिले. तो कागद सध्या कारागिराकडे आहे. त्यातील रेषांवर सुईने भोके पाडली जातील, कोळशाची भुकटी पडेल, आणि मग ती अक्षरे भट्टीत जातील. ऑइलपेंटची डबी वडिलांनी अजून टाकलेली नाही. एक पावसाळा जाऊ दे, मग पाहू, म्हणतात.